काटा थांबतो तेव्हा
(लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेनंतर वजन स्थिरावण्याच्या टप्प्याविषयी)

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेविषयी वार्षिक अहवालांतून जे लिहिले जाते, ते बहुधा शस्त्रक्रियागृहाच्या दारापाशी थांबते. शस्त्रक्रिया दुर्बिणीद्वारे कशी झाली, रुग्ण कितव्या दिवशी घरी गेला, सहा महिन्यांत त्याचे किती किलो वजन उतरले, एवढे वाचून देणगीदारांना समाधान वाटते आणि ते योग्यही आहे. परंतु बाह्यरुग्ण विभागात शस्त्रक्रिया झालेले रुग्ण व त्यांचे नातेवाईक आम्हांस जो प्रश्न वारंवार विचारतात, तो यानंतरचा आहे. "डॉक्टर, काटा हलत नाही. ऑपरेशन फुकट गेलं का?" हा तो प्रश्न. ज्या हितचिंतकांनी एखाद्या गरजू रुग्णाच्या शस्त्रक्रियेचा भार उचललेला असतो, तेही काही महिन्यांनी हीच पृच्छा अधिक सौम्य शब्दांत करतात. म्हणून या वर्षीच्या अहवालात या एकाच विषयाचे थोडे सविस्तर विवेचन करण्याचे आम्ही योजिले आहे.

उत्तर आधीच सांगून टाकणे बरे. वजन उतरता उतरता मध्येच थांबणे हा शस्त्रक्रियेनंतरच्या वाटचालीचा अपेक्षित भाग आहे. तो रुग्णाच्या हलगर्जीपणाचा पुरावा नव्हे आणि शस्त्रक्रिया अयशस्वी झाल्याची खूणही नव्हे. काटा थांबला म्हणून आम्हांस फारशी चिंता वाटत नाही. काटा थांबला म्हणून रुग्ण तपासणीस येईनासा होतो, ही खरी चिंता आहे.

प्रथम शस्त्रक्रियेत काय घडते ते पाहू. आज सर्वाधिक प्रमाणात होणाऱ्या स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी या प्रकारात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकला जातो व केळ्याच्या आकाराची अरुंद नळी तेवढी शिल्लक ठेवली जाते. गॅस्ट्रिक बायपासमध्ये जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी तयार करून ती थेट लहान आतड्याला जोडली जाते. "पोट लहान केले म्हणून माणूस कमी खातो" अशी याची सर्वसामान्य समजूत आहे. ती चूक नाही, पण अपुरी आहे. जठराचा जो फुगीर भाग स्लीव्हमध्ये काढला जातो, तेथे भूक चेतविणारे घ्रेलिन हे संप्रेरक मोठ्या प्रमाणावर तयार होते. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोहोचू लागल्याने तृप्तीचा संदेश देणारी जीएलपी-१ सारखी संप्रेरके अधिक स्रवतात. म्हणजे ही शस्त्रक्रिया जितकी पोटावर होते, तितकीच भुकेच्या यंत्रणेवर होते. पण त्या यंत्रणेच्या दुसऱ्या टोकाला मेंदू आहे, आणि मेंदूवर कोणतीही शस्त्रक्रिया झालेली नसते. वजन स्थिरावण्याचे मूळ येथे आहे.

तिसरा आठवडा

पहिला थांबा फार लवकर येतो, बहुतेकांच्या बाबतीत दुसऱ्या ते चौथ्या आठवड्याच्या दरम्यान. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दिवस केवळ द्रव आहारावर जातात आणि वजन झपाट्याने उतरते. घरात आनंदीआनंद असतो. मग एका सोमवारी काटा जिथल्या तिथे राहतो, पुढच्या सोमवारीही तसाच. क्वचित अर्धा किलो वाढलेलाही दिसतो. रुग्ण जेमतेम वाटीभर पातळ पदार्थ घेत असताना हे कसे, असे वाटणे स्वाभाविक आहे.

याचे कारण चरबी नसून पाणी आहे. आपले शरीर यकृतात व स्नायूंत ग्लायकोजेन या स्वरूपात साखरेचा अल्पसा साठा बाळगून असते. तो साधारण अर्धा किलो भरतो. प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेले असते. उपासमारीच्या पहिल्या दिवसांत शरीर हा हाताशी असलेला साठा वापरते आणि त्याबरोबर ते पाणीही मोकळे होऊन बाहेर पडते. त्यामुळे सुरुवातीच्या घसरणीत पाण्याचा वाटा मोठा असतो. दोन-तीन आठवड्यांनी रुग्ण द्रवावरून मऊ आहारावर येतो, तेव्हा त्या साठ्याचा काही भाग पुन्हा भरला जातो आणि पाणीही परत येते. आत चरबी जळतच असते, पण तेवढ्याच वजनाचे पाणी भरले गेल्याने काट्यावर शून्य दिसते. या टप्प्यावर करण्यासारखे काही नसते. सांगितलेला आहार, सांगितलेली औषधे, पुरेसे पाणी आणि थोडे चालणे एवढे चालू ठेवले की एक-दोन आठवड्यांत घसरण पुन्हा सुरू होते. या काळात रोज काट्यावर उभे राहण्याची सवय मोडावी, अशी आमची विनंती असते. आठवड्यातून एकदा, सकाळी शौचानंतर, त्याच काट्यावर वजन करावे. मीठ, बद्धकोष्ठता, मासिक पाळी यांमुळे एक-दोन किलोचा चढउतार दोन दिवसांत सहज होतो आणि त्यावरून कोणताही निष्कर्ष काढता येत नाही.

शरीराचा प्रतिकार

पुढचा थांबा अधिक गंभीरपणे समजून घ्यावा लागतो. साधारण तिसऱ्या महिन्यापासून वर्ष-दीड वर्षापर्यंत वजन पायऱ्यापायऱ्यांनी उतरते: काही आठवडे घसरण, मग काही आठवडे स्तब्धता. पायऱ्या उत्तरोत्तर रुंद होत जातात. यामागे आधी साधे गणित आहे. १२० किलोचे शरीर चालविण्यास जेवढी ऊर्जा लागते, तेवढी ९० किलोच्या शरीरास लागत नाही. जिना चढताना, उभे राहताना, नुसते झोपून असतानाही खर्च कमी होतो. दुसऱ्या बाजूने, शस्त्रक्रियेनंतरची सूज ओसरते, रुग्ण भाकरी-भाजी खाऊ लागतो आणि आहार हळूहळू वाढतो. तो वाढणे अपेक्षितच आहे. खर्चाची उतरती रेघ व आहाराची चढती रेघ जेथे मिळतात, तेथे वजन थांबते.

परंतु गणितापलीकडेही काही आहे. वजन घटले की शरीर अपेक्षेपेक्षाही अधिक काटकसर करू लागते. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना सहा महिने अर्धपोटी ठेवून जो अभ्यास केला, त्यात त्यांचे वजन सुमारे एक-चतुर्थांश घटले, पण विश्रांत अवस्थेतील ऊर्जाखर्च मात्र सुमारे ४० टक्क्यांनी खाली आला. वजन उतरविण्याच्या एका अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धेतील १४ स्पर्धकांची सहा वर्षांनी तपासणी झाली, तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचे शरीर त्यांच्या आकारमानावरून अपेक्षित असलेल्या खर्चापेक्षा दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी कमी खर्च करीत होते. सहा वर्षांनंतरही. चरबीच्या पेशींतून स्रवणारे लेप्टिन हे संप्रेरक चरबी घटली की घटते, आणि मेंदू त्याचा अर्थ "दुष्काळ आला" असा लावतो. लक्षावधी वर्षे ज्या प्राण्याला अन्नाच्या टंचाईनेच मारले, त्याच्या मेंदूने असा अर्थ लावावा यात नवल नाही. त्याला आपल्या रुग्णालयाचा आहारतक्ता ठाऊक नसतो.

केवळ उपाशी राहून वजन उतरविणाऱ्याला या प्रतिकाराशी एकट्याने झुंजावे लागते. शस्त्रक्रिया झालेल्याच्या बाजूने निदान भुकेची संप्रेरके काही प्रमाणात असतात. लढाई संपत नाही, पण ती समतोल होते. एवढाच शस्त्रक्रियेचा खरा दावा आहे आणि तो लहान नाही.

ताटात काय आहे

चार आठवडे किंवा त्याहून अधिक काळ वजन हलले नाही, तर आमच्या आहारतज्ज्ञ पहिली गोष्ट करतात ती म्हणजे तीन दिवसांचे खाणेपिणे लिहून आणावयास सांगणे. दोष शोधण्यासाठी हे लेखन नसते, असे आम्ही मुद्दाम सांगतो, कारण परीक्षेच्या भीतीने लिहिलेली वही कोणाच्याच उपयोगाची नसते.

या वहीत सर्वप्रथम पाहावयाचे ते प्रथिनांचे प्रमाण. शस्त्रक्रियेनंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावीत असा सर्वमान्य संकेत आहे. महाराष्ट्रातील शाकाहारी घरात, तेही इवल्याशा जठराच्या मर्यादेत, हा आकडा गाठणे सोपे नाही. वाटीभर घट्ट वरणातून सुमारे सहा-सात ग्रॅम, पेलाभर दुधातून तेवढेच, ५० ग्रॅम पनीरमधून नऊच्या आसपास आणि ज्वारीच्या एका भाकरीतून पाचएक ग्रॅम प्रथिने मिळतात. अंडे चालत असेल तर एका अंड्याचे सहा ग्रॅम. पातळ आमटीचे फक्त पाणी पिणारा रुग्ण "मी डाळ घेतो" असे प्रामाणिकपणे सांगतो. प्रत्यक्षात डाळ पातेल्यातच राहिलेली असते. म्हणून ताटातील क्रम बदलावा लागतो. आधी पिठले, उसळ, पनीर, दही, अंडी किंवा मासे, मग भाजी, भाकरी वा भात जागा उरल्यास. आपल्याकडे भाताने जेवणाची सुरुवात करण्याची पद्धत आहे, ती या रुग्णांच्या कामाची नाही. सोयाबीनच्या वड्या स्वस्त आहेत. पंचवीस ग्रॅम कोरड्या वड्यांतून बारा-तेरा ग्रॅम प्रथिने मिळतात. भुकटीच्या महागड्या डब्यांपेक्षा या वड्यांची शिफारस करणे आम्हांस अनेकदा अधिक व्यवहार्य वाटते.

दुसरी गोष्ट सहज घसरणाऱ्या खाण्याची. लहान झालेले जठर मोठ्या घासाला अडवते, पण चिवडा, बिस्किटे, खारी, आइस्क्रीम, गोड पेये यांना अडवीत नाही. ती थोडी थोडी करीत दिवसभर आत जातात आणि पोट भरल्याची जाणीव देत नाहीत. "जेवण तर दोन घासच आहे" हे विधान तेव्हा खरेच असते. चहाचे उदाहरण घेऊ. दोन चमचे साखरेचा चहा दिवसातून चार वेळा घेतला, तर केवळ साखरेतूनच सुमारे दीडशे किलोकॅलरी जातात. एक किलो चरबीत अंदाजे ७,७०० किलोकॅलरी साठविलेल्या असतात. हिशेब केला तर चार कप चहातील साखर महिन्याला अर्ध्या किलोहून अधिक चरबीच्या बरोबरीची ठरते. ज्या रुग्णाचे वजन महिन्याला अर्धा किलोच उतरण्याच्या टप्प्यावर आले आहे, त्याचा काटा थांबवावयास तेवढे पुरेसे आहे. जेवताना पाणी वा ताक पिऊ नये, जेवणानंतर अर्धा तास थांबावे, या सूचनेमागेही हेच कारण आहे. द्रवाबरोबर घास लवकर पुढे सरकतो.

उपवासाविषयी स्वतंत्र लिहिणे भाग आहे. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण आमच्या रुग्णांना लागू पडत नाही, कारण त्यांना दुप्पट खाता येतच नाही. त्यांच्या बाबतीत उलटे घडते. साबुदाण्याची खिचडी वा बटाट्याचा कीस यांतून कर्बोदके व तूप मिळते, प्रथिने नाममात्र, आणि त्या एवढ्याशा खाण्यानेच दिवसाची सगळी जागा भरून जाते. आठवड्यातून दोन उपवास करणाऱ्या रुग्णाचे दोन दिवस प्रथिनांविना गेले, असे समजावे. श्रद्धेला हात लावण्याचा आमचा अधिकार नाही व हेतूही नाही. उपवासाला चालणारे दूध, दही, ताजे पनीर, राजगिरा, शेंगदाणे यांतून दिवस कसा भागवावा, एवढेच आम्ही सुचवितो, आणि पहिले वर्षभर निर्जळी उपवास करू नये असे आग्रहाने सांगतो.

प्रथिनांचा एवढा आग्रह का, याचे उत्तर स्नायूंत आहे. शरीर चरबीबरोबर स्नायूही जाळत असते, आणि विश्रांतीच्या काळातही ऊर्जा खर्च करणारा मोठा वाटेकरी स्नायूच आहे. तो गमावला की काटकसर आणखी वाढते. आठवड्याला दीडशे मिनिटे चालणे चांगलेच, पण त्याला स्नायूंना ताण देणाऱ्या व्यायामाची जोड हवी. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता दहादा उठणे, भिंतीला हात लावून रेटणे, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे हे घरच्या घरी होते.

येथे पुण्यातील एका अभ्यासाची आठवण होते. के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. दोघांचाही शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३, म्हणजे उंचीच्या मानाने वजन तंतोतंत सारखे; पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. भारतीय शरीर बाहेरून सडपातळ दिसले तरी आत चरबी बाळगून असते, हे त्यातून जगापुढे आले. काट्याला चरबी व स्नायू यांतला भेद कळत नाही, हा त्याचा आमच्या विषयापुरता अर्थ. म्हणून स्थिर वजनाच्या महिन्यात आम्ही कंबरेचा घेर मोजतो, रक्तशर्करेचा तीन महिन्यांचा सरासरी आकडा पाहतो, रक्तदाब पाहतो, झोपेतील घोरणे कमी झाले का ते घरच्यांना विचारतो. वजन हलले नसताना कंबर दोन इंचांनी कमी झालेली आढळणे हा अपवाद नाही.

नवी पातळी

वर्ष-दीड वर्षानंतर येणारा थांबा हा बहुधा अखेरचा असतो. शरीराने नवी पातळी स्वीकारलेली असते. येथे अपेक्षा तपासून घ्याव्या लागतात. स्वीडनमध्ये १९८७ मध्ये सुरू झालेला मोठा अभ्यास या बाबतीत मार्गदर्शक आहे. त्यात शस्त्रक्रिया झालेल्या २,०१० व्यक्तींची तुलना शस्त्रक्रिया न झालेल्या २,०३७ लठ्ठ व्यक्तींशी करण्यात आली. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार गॅस्ट्रिक बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे १२० किलोची व्यक्ती ८२ किलोच्या आसपास पोहोचली व पुढे ९० वर स्थिरावली. यातील आठ किलो परत आले म्हणून हळहळावे, की तीस किलो दहा वर्षे गेलेलेच राहिले म्हणून समाधान मानावे? त्याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्यांचा मृत्यूचा धोका, इतर घटक विचारात घेता, सुमारे २९ टक्क्यांनी कमी आढळला. त्यात कोणीही विवाहसंस्थेच्या जाहिरातीतील "सडपातळ" या विशेषणापर्यंत पोहोचले होते असे नव्हे.

मात्र सगळेच थांबे निसर्गक्रमाचे नसतात. वजन चढू लागले, किंवा अपेक्षेपेक्षा फार आधीच थांबले, तर कारण शोधावे लागते. थायरॉइडची कमतरता, स्टेरॉइड, इन्शुलिन व मधुमेहाच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरील काही औषधे ही वजन वाढवितात किंवा उतरू देत नाहीत. अशी औषधे रुग्णाने आपणहून बंद करू नयेत. पर्याय शोधणे हे डॉक्टरांचे काम आहे. मद्य शस्त्रक्रियेनंतर, विशेषतः बायपासनंतर, लवकर व अधिक चढते, आणि त्यातील ऊर्जा हिशेबात धरली जात नाही. वजन घटल्यावर अनेक तरुण स्त्रियांची पाळी नियमित होते व गर्भधारणेची शक्यता वाढते. पहिले वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा टाळावी असा सल्ला असल्याने, अशा रुग्णाचे वजन अचानक वाढू लागले तर गर्भचाचणी आधी करावी. क्वचित जठराच्या रचनेतच दोष निर्माण झालेला असतो, तो दुर्बिणीच्या तपासणीत कळतो.

"पुन्हा एकदा ऑपरेशन करा" ही मागणी आमच्याकडे येते. दुसऱ्यांदा करावयाची शस्त्रक्रिया पहिलीपेक्षा अधिक जोखमीची असते. ती निश्चित कारण सापडल्यावर करावयाची, काटा थांबला म्हणून नव्हे. जीएलपी-१ च्या धर्तीवरील नवी औषधे आता हाताशी आहेत. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये व वजन उतरविण्यासाठीचे सेमाग्लुटाइड जून २०२५ मध्ये भारतीय बाजारात आले. शस्त्रक्रियेनंतर वजन पुरेसे न उतरलेल्या काही रुग्णांना या गटातील औषधांचा लाभ होतो, असे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिराग्लुटाइडच्या एका लहान चाचणीत दिसले. परंतु ही औषधेही भूक आणखी मंदावतात. आधीच अपुरी प्रथिने घेणाऱ्या रुग्णाने ओळखीच्या दुकानातून इंजेक्शन आणून टोचून घेणे धोक्याचे आहे.

सर्वांत मोठा धोका याहून साधा आहे. काटा थांबल्याने घाबरलेला रुग्ण आपल्या मनाने जेवण बंद करतो. लिंबूपाण्यावर आठवडा काढतो. मग मळमळ, उलट्या, अशक्तपणा, केस गळणे. शरीरात थायमिन या जीवनसत्त्वाचा साठा जेमतेम दोन-तीन आठवडे पुरेल एवढाच असतो. उलट्या होत राहिल्या आणि गोळ्याही बंद झाल्या, तर तो संपतो आणि मज्जासंस्थेला इजा होते. पायांना मुंग्या, चालताना तोल जाणे, डोळ्यांपुढे दोन दोन दिसणे, बोलण्यात भ्रम, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णास त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालयात आणावे. गावातील दवाखान्यात सलाइन लावण्याची वेळ आली तर "लठ्ठपणाचे ऑपरेशन झालेले आहे" हे नातेवाइकांनी आवर्जून सांगावे, कारण थायमिन दिल्याखेरीज ग्लुकोजचे सलाइन चढविल्यास हानी वाढू शकते. हे वाक्य लिहून रुग्णाच्या पाकिटात ठेवावे.

घरच्यांसाठी

रुग्णाच्या भोवतालचे बोलणे दोन प्रकारचे असते आणि दोन्ही प्रेमातून येते. सासूबाई म्हणतात, "अगं, किती वाळलीस, दोन घास जास्त खा." शेजारच्या वहिनी विचारतात, "एवढं ऑपरेशन करून इतकंच उतरलं?" पहिल्या वाक्याने आग्रहाचा लाडू ताटात पडतो, दुसऱ्याने रुग्ण चार दिवस जेवत नाही. लग्नसराईतील आग्रहाची पंगत तर आमच्या रुग्णांना अक्षरशः सोसत नाही. एक घास अधिक झाला तर छातीत दुखून उलटी होते. कुटुंबीयांनी एवढेच करावे की ताटाकडे पाहू नये आणि आकडा विचारू नये. गोळ्या घेतल्या का, तपासणीची तारीख कधी आहे, हे मात्र जरूर विचारावे.

तारखेचा हा मुद्दा विश्वस्त व देणगीदारांसमोर ठेवावासा वाटतो. शस्त्रक्रियेनंतर पहिल्या वर्षात तीन-चार वेळा आणि पुढे वर्षातून किमान एकदा, आयुष्यभर, तपासणी लागते. लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, ब-१२ व थायमिनसह बहुजीवनसत्त्वे कायमची घ्यावी लागतात. रोजंदारीवर चालणाऱ्या घरात महिन्याचे पैसे कमी पडले की सर्वप्रथम या गोळ्या थांबतात, कारण त्या न घेतल्याने त्या दिवशी काहीच होत नाही. मग वजनही थांबते, आणि "आता डॉक्टरांना काय तोंड दाखवावे" या संकोचाने रुग्णही थांबतो. शस्त्रक्रियेवर झालेला सारा खर्च या टप्प्यावर पणाला लागलेला असतो.

महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालयांना सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेच्या कायद्यातील कलम ४१ कक नुसार दहा टक्के खाटा निर्धन व दहा टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखाव्या लागतात. ही तरतूद खाटांच्या भाषेत बोलते. ज्याचे वजन थांबले आहे तो रुग्ण खाटेवर नसतो. तो रांगेत उभा असतो, किंवा रांगेतही नसतो. एका रुग्णाच्या शस्त्रक्रियेसाठी देणगी देताना त्याच्या पुढील पाच वर्षांच्या तपासण्यांची व गोळ्यांची तरतूदही त्याच देणगीत अंतर्भूत असावी, अशी आमची सूचना आहे. आलेला नाही अशा रुग्णाला दूरध्वनी करण्यासाठी एक समाजसेविका पूर्णवेळ नेमता आली, तर तिचे वेतन हे या विभागातील सर्वांत कमी दिखाऊ आणि, आमच्या मते, सर्वांत उपयुक्त खर्च ठरेल.

ज्या रुग्णांनी तपासणी सोडून दिली आहे, त्यांनी हा मजकूर वाचला असल्यास कितीही महिने वा वर्षे लोटली असली तरी बाह्यरुग्ण विभागात यावे. येताना चालू असलेली सर्व औषधे, त्यांत आयुर्वेदिक व इतर चूर्णे आलीच, पिशवीत घालून आणावीत. तीन दिवसांचे खाणे जमल्यास लिहून आणावे. रक्ततपासणी करावयाची असल्याने सकाळी काही न खाता यावे, पण मधुमेहाची औषधे वा इन्शुलिन चालू असल्यास आधी दूरध्वनीवरून विचारून घ्यावे. शस्त्रक्रियेच्या वेळची फाईल हरवली असेल तर तिच्यावाचून यावे. नोंद आमच्याकडे आहे.